रात्री उजळणारे झेंडे: आधी काळोख बघा, मग दिवा

शहाद्याहून एका तरुण फ्लेक्सवाल्या भावांनी विचारलंय. सारंगखेड्याच्या यात्रेत भरीत-पुरीचं मोठं हॉटेल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला रस्त्याकडेला साठ मीटर लांबीची जागा मिळाली आहे. तिथं त्याला रात्री उजळणारे वीस झेंडे हवे आहेत. कुठल्याशा परदेशी रस्त्याचा फोटो मोबाइलवर दाखवून ‘अस्संच पाहिजे’ म्हणतो. कापड कोणतं घ्यावं, एलईडी कोणता, १२ व्होल्टवर वीस झेंडे चालतील का, बॅटरी बरी की वायर, आणि डिझाइन करताना काय सांभाळावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

भाऊ, मी जळगावात ब्रशने बोर्ड रंगवण्यापासून सुरुवात केली. पुढे फ्लेक्स आला, मग एलईडी आला. उजळणारे झेंडे मी यात्रेत, लग्नाच्या लॉनवर, पेट्रोल पंपावर, सोन्याच्या दुकानासमोर, सगळीकडे लावलेत. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतोच, पण सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो. डिझाइन चुकलं की कापड आणि लाइट कितीही भारी घ्या, पैसे पाण्यात जातात.

आधी जागेवर रात्री आठ वाजता जाऊन उभे राहा. दिवसा मोजमाप घ्या, पण निर्णय रात्री घ्या. शेजारच्या स्टॉलवाल्याने २०० वॅटचे दोन फ्लडलाइट लावले असतील, तर तुमचा १५ वॅटचा झेंडा त्याच्यापुढे रंग उडालेल्या कपड्यासारखा दिसेल. अशा ठिकाणी आपण ३० वॅट, ५० वॅट करत गेलो तर चढाओढ संपत नाही आणि झेंडा पांढरा फटक पडतो. त्यापेक्षा मागे काळोख तयार करा. मंडपाची मागची कनात गडद निळी किंवा मरून घ्यायला सांगा, झेंड्यांच्या ओळीच्या बरोबर वर असलेली ट्यूब बंद ठेवायला सांगा. सारंगखेड्याला एका बाजूला तापीचं पात्र आहे. त्या बाजूला पाठ करून झेंडे उभे राहिले, तर मागचा काळोख फुकटात मिळतो. मी तरी जागा ठरवताना दिव्याच्या आधी काळोख शोधतो.

वीस झेंडे कशाला? साठ मीटरमध्ये वीस म्हणजे दर तीन मीटरला एक. रात्री ते एकमेकांत मिसळून नुसती झगमगती भिंत होते. दहा लावा, सहा-सहा मीटरवर. दोन झेंड्यांच्या मध्ये अंधार राहिला की प्रत्येक झेंडा सुटा दिसतो आणि लांबून माणूस मोजू शकतो. दोंडाईचा-शहादा रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तुमची साठ मीटरची दर्शनी बाजू साडेतीन सेकंदांत ओलांडते. तेवढ्या वेळात तो माणूस एक शब्द आणि एक चित्र बघेल. हॉटेलचं नाव, मालकाचा फोटो, मोबाइल नंबर, ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे सगळं एका झेंड्यावर घातलं, तर त्याला काहीच दिसणार नाही. मजकुरासाठी गेटवर बोर्ड आहेच. मी असं करीन: प्रवेशाच्या दोन्ही बाजूंच्या दोन झेंड्यांवर ‘भरीत’ हा शब्द, बाकी आठांवर नुसतं वांगं.

आणि वांगं हिरवं काढा. इंटरनेटवरून उचललेलं वांग्याचं चित्र जांभळंच असतं, आणि आपली पोरं तेच टाकून मोकळी होतात. भरीताचं आपलं वांगं हिरवट-पांढरं, लांबट, वजनदार. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. खान्देशातलं गिऱ्हाईक जांभळं वांगं बघून थांबणार नाही. यात तांत्रिक फायदाही आहे: पिवळसर उजेडात जांभळा रंग मळकट तपकिरी होतो, फिका हिरवा मात्र खुलतो.

आता ‘भरीत’ या शब्दाबद्दल. इथं मी स्वतः मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी अमळनेरला, बोरी नदीच्या पात्रात भरणाऱ्या संत सखाराम महाराजांच्या यात्रेत मी असेच झेंडे लावले होते. ‘खान्देशी भरीत’ अशी ठसठशीत जाड अक्षरं, गडद हिरव्यावर पांढरी, आतून लख्ख लाइट. दुकानात, दिवसाउजेडी, टेबलावर पसरून बघितलं तेव्हा उत्तम दिसत होतं. रात्री लाइट लावला आणि पन्नास पावलांवर जाऊन उभा राहिलो. शेजारी एक म्हातारबुवा उभे होते. त्यांनी मला विचारलं, “हाई काय लिखेल शे रे भो?” मी वर बघितलं, आणि मलाही ‘रवान्देशी मरीत’ असंच दिसलं. हॉटेलमालकाला ते कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. यात्रेचा पहिला दिवस, खाण्याचं दुकान आणि वर हा शब्द. त्या रात्री मी ते दोन्ही झेंडे उतरवले, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

असं का होतं ते समजून घ्या. अंधारात उजळलेलं अक्षर डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड दिसतं, उजेड कडेबाहेर सांडतो. इंग्रजी अक्षरांना त्याचा तेवढा त्रास होत नाही. आपल्या देवनागरीत मात्र कितीतरी अक्षरांचा अर्थ एका बारीक फटीवर टिकलेला आहे. ‘भ’ आणि ‘म’मधला फरक म्हणजे डाव्या बाजूला शिरोरेषेला दिलेली फट आणि छोटीशी गाठ. ‘ध’ आणि ‘घ’चंही तसंच. उजेड सांडला की फट बुजते आणि ‘भ’चा ‘म’ होतो, ‘धनश्री’ची ‘घनश्री’ होते. ‘ख’चं उलटं आहे: त्याचे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर मधल्या अंधारामुळे ते सुटतात आणि ‘रव’ दिसतं. अनुस्वाराचा टिंब फुगून शिरोरेषेला चिकटतो.

त्यावर उपाय सोपा आहे, पण हाताने करावा लागतो. शब्द कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षराची रेघ हवी तशी ओढता येते. ‘भ’च्या डोक्यावरची फट नोड ओढून दुप्पट करा. कागदावर ती बेढब वाटेल, रात्री बरोबर दिसेल. ‘ख’ असा टाईप निवडा, ज्यात पहिल्या भागाचा पाय पुढच्या गोलाला खालून जोडलेला आहे. फुकट मिळणाऱ्या फाँटमध्ये ‘मुक्ता’ या कामाला चांगला आहे, पण त्याचं सगळ्यात जाड वजन घेऊ नका, मधलं घ्या. दुकानातल्या जुन्या टाईपमधला जाड प्रकार तर रात्रीच्या कामाला टाळाच. शुद्ध पांढऱ्याऐवजी अक्षराला सायीचा किंवा हळदीसारखा पिवळा रंग द्या आणि भोवती पार्श्वभूमीपेक्षाही गडद अशी बारीक रेघ मारा. ती रेघ सांडणारा उजेड अडवते.

उभ्या झेंड्यावर अक्षरं एकाखाली एक मांडायची असतील तर अक्षराचे तुकडे करू नका. भ, री, त अशी तीनच ओळींत मांडणी झाली पाहिजे. जुन्या टाईपमध्ये प्रत्येक कळीनंतर एंटर मारणारी पोरं वेलांटी वेगळ्या ओळीत टाकतात, ते छापून आल्यावर लक्षात येतं. तीन अक्षरांपर्यंत अशी उभी मांडणी चालते. त्यापेक्षा लांब शब्द असेल तर शिरोरेषा अखंड ठेवून आख्खा शब्दच काठीला समांतर उभा वळवा. उंचीचा जुना अंदाज असा, की दहा फुटांवरून नीट दिसायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. यात्रेतली गर्दी पन्नास फुटांवरून येत असेल तर किमान पाच इंच. हलत्या कापडासाठी मी सात धरतो.

आता झेंड्याचं शरीर. इथं एक गोष्ट मनात पक्की करा: झेंड्याचं काठीकडचं टोक स्थिर असतं आणि मोकळं टोक फडफडतं. म्हणून वाचायचं ते सगळं काठीलगतच्या अर्ध्या भागात. उजेडही तिथंच. मोकळं टोक गडद रंगाचं सोडून द्या, ते वाऱ्याचं. सबंध झेंडा एकसारखा उजळवण्याच्या नादात लोक कापडाच्या टोकापर्यंत एलईडी शिवतात. दोन रात्री फडफडलं की सोल्डर तुटतो आणि पट्टीचे तुकडे मिणमिणायला लागतात. तुमच्या गिऱ्हाइकाने दाखवलेल्या फोटोत काय वापरलंय ते मी बघितलेलं नाही, पण आपल्या वाऱ्या-धुळीत टिकणारी पद्धत मी सांगतो.

कापड: विणलेलं म्हणजे निटेड पॉलिस्टर, साधारण ११० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ११० ग्रॅम वजनाचं. फ्लेक्स नको. तो फडफडत नाही, चुरगळतो, आणि वाऱ्यात कडेला फाटतो. प्रिंट सब्लिमेशनचं घ्या. त्यात शाई सुमारे दोनशे अंश तापमानाला धाग्यात मुरते, वर थर बसत नाही, त्यामुळे मागून आलेला उजेड रंगीत होऊन बाहेर पडतो. सुती कापडावर हे होत नाही. झेंडा दुहेरी शिवा, दोन पदर आणि मध्ये काठी. एकेरी कापडावरचं अक्षर मागून उलटं दिसतं. दुहेरीत दोन्ही बाजूंनी सरळ वाचता येतं आणि दिवा दोन पदरांच्या पोटात लपतो. ज्या आठ झेंड्यांवर नुसतं वांगं आहे ते एकेरी केले तरी चालतील, असं तुम्हाला वाटेल, कारण वांगं उलटं दिसलं तरी वांगंच असतं. पण एकेरीत पट्टी उघडी पडते आणि डोळ्यात टोचते. म्हणून तेही दुहेरीच करा.

प्रिंट करताना एक चूक सगळेच करतात. समोरून पडणाऱ्या उजेडात रंग जेवढा गडद दिसतो, तेवढा मागून येणाऱ्या उजेडात दिसत नाही. काळा तर तपकिरी होतो. म्हणून झेंडा छापण्याआधी हातभर कापडावर तुमच्या चारही रंगांची पट्टी वेगवेगळ्या शाईच्या प्रमाणात छापून घ्या, खोली अंधारी करा, मागे मोबाइलची टॉर्च धरा आणि वीस पावलांवरून बघा. कोणता गडदपणा घ्यायचा ते तिथंच ठरतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठरवायला गेलात तर फसाल.

शिवताना काठीसाठीचा नेफा जाड कापडाचा लावा, झेंड्याच्याच कापडाचा नको. मोकळ्या टोकाला दुहेरी मुडप आणि निदान तीन टीप. धागा पॉलिस्टरचा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात साधा धागा कापडाच्या आधी जातो, आणि हे झेंडे तुम्ही एका यात्रेसाठी करणार नाही आहात.

दिवा: २४ व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ९.६ वॅटची, सिलिकॉनच्या नळीत बंद केलेली, आयपी ६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारी. ती ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवून काठीला अशी लावा, की तिचा उजेड दोन पदरांच्या मधून मोकळ्या टोकाच्या दिशेने जाईल. दीड मीटर पट्टी म्हणजे साधारण १५ वॅट, एका झेंड्याला पुरे. उजेड काठीजवळ भरपूर असतो आणि पुढे विरत जातो. हा विरत जाणारा उजेडच झेंड्याला झेंडा बनवतो. वाऱ्याने कापडाला लाट आली की ती लाट उजेड-सावलीत दिसते, आणि लांबून माणसाची नजर तिथंच जाते. लुकलुकणाऱ्या सर्किटची गरजच उरत नाही.

उजेडाचा रंग ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या. दुकानदार तुम्हाला ६५०० चा निळसर पांढरा देईल, कारण तो वॅटमागे जास्त प्रखर वाटतो. पण त्याखाली भगवा लिंबासारखा फिका पडतो, लाल गुलाबी दिसतो आणि खाण्याचा पदार्थ आजारी दिसतो. शिवाय निळसर उजेडावर पाखरं जास्त येतात. खाण्याच्या दुकानासमोर हे तर फार महत्त्वाचं. फक्त झेंड्यात निळा रंग मुख्य असेल तर ४००० केल्विन वापरा, कारण पिवळसर उजेडात निळा मरतो.

आता तुमचा १२ व्होल्टचा प्रश्न. हा हिशोब मी पूर्ण मांडून दाखवतो, कारण यातच बहुतेकांचं काम बिघडतं.

१५ वॅटचा झेंडा १२ व्होल्टवर सव्वा अँपियर घेतो. वीस झेंडे म्हणजे २५ अँपियर. अडीच एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.००७४ ओहम. जाणारी आणि येणारी धरून तीन मीटरला ०.०४४५. एका टोकाला एसएमपीएस (मेनचे २३० व्होल्ट उतरवून एलईडीला देणारा डबा) ठेवून तीन-तीन मीटरवर वीस झेंडे जोडले, तर प्रत्येक टप्प्यात किती प्रवाह वाहतो त्याची बेरीज करा: १.२५ गुणिले २१० (वीसपासून एकपर्यंतची बेरीज), म्हणजे २६२.५. त्याला ०.०४४५ ने गुणा. उत्तर ११.७ व्होल्ट. म्हणजे कागदावर तुमचे सगळे बारा व्होल्ट वायरच खाऊन टाकते. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की एलईडी कमी प्रवाह घेतो, म्हणून शेवटचे झेंडे अगदीच विझत नाहीत, मिणमिणतात. पहिला लखलखीत आणि विसावा मरतुकडा अशी ओळ दिसते. लोक मग एलईडी खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आता दहा झेंडे, सहा मीटर अंतर, २४ व्होल्ट आणि एसएमपीएस ओळीच्या मध्यावर, असं धरा. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. प्रत्येक झेंडा ०.६२५ अँपियर घेतो. टोकाच्या झेंड्यापर्यंत तीच अडीच एमएम वायर फक्त ०.७ व्होल्ट खाते. चोवीसपैकी पाऊण व्होल्ट डोळ्याला कळतही नाही. वायर तीच, दिवे तेच. फक्त व्होल्टेज दुप्पट केलं, झेंडे निम्मे केले आणि डबा मध्यावर आणला.

एसएमपीएस एक न घेता दोन घ्या, १५० वॅटचे, एका बाजूला एक. प्रत्येकावर ७५ वॅटचा भार पडतो, म्हणजे निम्माच, तो गार राहतो आणि ऐन गर्दीत एक गेला तरी अर्धी ओळ चालू राहते. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर पूर्ण भार टाकण्याची सवय आपल्याकडे तर मुळीच नको. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद पत्र्याचा डबा दिवसभर तापून संध्याकाळी सातलाही भट्टीच असतो. डबा जमिनीवर ठेवू नका, कमरेच्या उंचीवर टांगा, हवेची भोकं खालच्या बाजूला ठेवा.

प्रत्येक झेंड्याच्या फाट्यावर दोन अँपियरचा छोटा फ्यूज टाका, म्हणजे एकाची वायर चेपली तर सगळी ओळ जाणार नाही. जोड चिकटपट्टीने गुंडाळू नका, गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. २३० व्होल्टची वायर फक्त एसएमपीएसपर्यंत जाईल, झेंड्याच्या काठीपर्यंत कधीही नाही. गर्दीत लहान मुलं काठीला धरून झुलतात, हे मी प्रत्येक यात्रेत बघतो. मेनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावल्याशिवाय मी लाइट चालू करत नाही, मालक कितीही घाई करो. आकडा टाकून काम भागवू म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यायला लावा.

बॅटरीचं थोडक्यात. १५ वॅट, रोज सहा तास म्हणजे ९० वॅट-तास. २५.६ व्होल्ट ५ अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८ वॅट-तासांची असते, म्हणजे एका झेंड्याची एक रात्र आरामात निघते. पण रोज दहा बॅटऱ्या काढा, चार्ज करा, परत लावा, हे आठ-पंधरा दिवस कोण करणार? मिरवणूक किंवा एका रात्रीचं लग्न असेल तर बॅटरी. यात्रेला वायर.

वाऱ्याचा विचार मात्र थोडक्यात उरकता येत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरला चौरस मीटरला सहा किलोचा दाब, ताशी ७२ ला चोवीस किलोचा. तुमचा झेंडा ६० सेंटीमीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, म्हणजे दीड चौरस मीटर. तो फळीसारखा ताणून धरला आणि ७२ च्या झोताला सामोरा गेला, तर त्यावर निदान छत्तीस किलोचा जोर येतो, तोही जमिनीपासून पावणेदोन मीटर उंचीवर. वीस लिटर पाण्याचा, साठ सेंटीमीटर रुंदीचा, बाजारात मिळणारा प्लास्टिकचा बूड त्याच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. वाऱ्याबरोबर वळणारा झेंडा यातला बराचसा जोर टाळतो. म्हणून काठी बुडाशी फिरती ठेवा, पण पूर्ण गोल फिरू देऊ नका. पाऊण वळसा झाला की अडेल असा बोल्ट लावा आणि वायरला तेवढी सैल वळी सोडा. बोल्ट नसेल तर रात्रभरात वायर दोरीसारखी पिळवटून तुटते.

डिसेंबरात सारंगखेड्याला हवा शांत असते. पण हेच झेंडे तुम्ही मे-जूनमध्ये दुसरीकडे लावाल, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या करणारं वादळ आपण दर दोन-चार वर्षांनी बघतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला असल्याच वादळात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आपला झेंडा छोटा असला तरी काठी कुणाच्या डोक्यात पडायची ती पडतेच. त्यामुळे उन्हाळ्यात ढग दाटले की पाच मिनिटांत कापड उतरवता येईल असाच नेफा आणि हूक ठेवा, आणि ते काम कोणी करायचं ते आधी ठरवा.

रोवण्यासाठी पाऊण मीटर लांबीचा जाड जीआय पाईप पहारीने भोक पाडून ठोका आणि काठी त्यात उतरवा. काळ्या मातीत तो कोरडेपणी घट्ट बसतो. नदीकाठच्या वाळूत मात्र सुटतो. तिथं पाईपच्या खालच्या टोकाला आडवा अँगल वेल्ड करून पुरा आणि वर वाळूची पोती टाका.

सारंगखेड्याची आणखी एक खास गोष्ट. तिथं घोड्यांचा बाजार भरतो. फडफडणाऱ्या उजळ कापडाला घोडा बुजतो, त्यातून रात्री एकदम लाइट लागला तर जास्तच. घोडे ने-आण करायच्या वाटेकडे एकही झेंडा ठेवू नका, आणि लाइट अंधार पडायच्या आधीच, साडेपाचला चालू करा, म्हणजे उजेड हळूहळू वर येतो.

परवानगीचं मालकावर सोडू नका. यात्रेत ग्रामपंचायत आणि पोलीस, रस्त्याच्या हद्दीत रस्त्याचं खातं. जळगाव किंवा धुळे शहरात लावायचे असतील तर महानगरपालिकेची परवानगी लागते, जाहिरातफलकांसाठी २०२२ चे नियम आहेत. रस्त्याकडे तोंड करून लुकलुकणारा दिवा नको, चौकाजवळ आणि वळणावर लाल-हिरवा उजेड नको. गाडीवाल्याला तो सिग्नल वाटतो. तिरंग्याच्या पट्ट्यांचं डिझाइन जाहिरातीत कुणीही मागितलं तरी करू नका. राष्ट्रध्वजाचा व्यापारी वापर १९५० च्या कायद्याने बंद आहे. जुलै २०२२ पासून ध्वज रात्रीही फडकवता येतो, हे खरं, पण ती मोकळीक ध्वजासाठी आहे, दुकानाच्या जाहिरातीसाठी नाही. देवाच्या निशाणासारखा दिसणारा भगवा तिकोनी झेंडाही मी जाहिरातीला वापरत नाही. चैत्रात आपले लोक सप्तशृंगी गडाला पायी निशाण घेऊन जातात, त्या आकारावर पुरीचा भाव छापणं मला पटत नाही.

लावण्याच्या आदल्या रात्री दुकानामागे दोन झेंडे उभे करून चार तास चालू ठेवा. पन्नास पावलांवर जाऊन मोबाइलने व्हिडिओ काढा. व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले तर एसएमपीएस हलका आहे, बदलून घ्या. यात्रेत प्रत्येक जण व्हिडिओ काढतो, आणि त्यात तुमचा झेंडा तुटक दिसता कामा नये. मग तुमच्या ओळखीतल्या पण हे काम न बघितलेल्या कुणाला तरी बोलवा आणि झेंड्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचू नका. शब्द माहीत असलेल्या माणसाला ‘मरीत’ कधीच दिसत नाही.

यात्रा संपल्यावर पहाटे झेंडे उतरवू नका. तापीकाठी दव इतकं पडतं की कापड ओलं गच्च होऊन काठीला चिकटतं. तसंच घडी घालून गोणीत भरलं तर आठवड्यात काळे ठिपके पडतात आणि ते लाइटमध्ये जास्तच दिसतात. दहा-अकराचं ऊन खाऊ द्या, मग कापड गुंडाळा, घडी घालू नका. पट्टी वाकवायची झालीच तर मोठ्या वेटोळ्यात. काठ्यांवर आणि पाइपांवर ऑइलपेंटने १ ते १० आकडे टाका, आणि कोणता फ्यूज किती वेळा गेला ते त्या आकड्यासमोर वहीत लिहून ठेवा.